गोदावरीकाकूंची ओळीतली जागा

मुरुडची पोरं पुढं लातूरच्या मोठमोठ्या क्लासला जायची, पण इंग्रजीची भीती मोडायला आधी रामलिंग सरांच्या ओसरीवरच यायची. सरांची रीत न्यारी. व्याख्या घोकणं त्यांना बिलकूल खपायचं नाही. ते पोरांना एकेक शब्द वाटून द्यायचे आणि हातात हात घालून ओळीत उभं करायचे. मदतीची क्रियापदं पुढं, मुख्य क्रियापद शेवटी. "हॅज, बीन, वेटिंग. तिघं मिळून एकच काम करायलेत. हात सोडू नगा!"

एखादं पोर कमी पडलं की सर घरात हाक मारायचे, "अगं, ये गं, एक जण कमी हाय!" मग त्यांच्या पत्नी गोदावरीकाकू तव्यावरची भाकरी तशीच सोडून पिठाच्या हातानं बाहेर यायच्या. त्यांचा शब्द ठरलेला, बीन. इंग्रजीचा गंध नाही, पण उभ्या अशा ऐटीत राहायच्या, जणू कलेक्टरीणबाईच. पोरं त्यांना बीनकाकूच म्हणायची. एकदा त्या म्हणाल्या, "अवो, तुमीबी थांबा की कधी माझ्या बाजूला."

सर खेकसले, "मग शिकवायचं कुणी?"

शिकवण्यात सर हुशार. बाकी सगळा उजेडच होता.

पौषात तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. सरांनी खडू ठेवून दिला. आता आपल्याच्यानं होणार नाही, असं पोरांच्या घरी कळवूनही टाकलं. तरी तेरावं उलटल्यावर एका संध्याकाळी शिवम आणि मृण्मयी ओसरीवर येऊन बसले. त्यांना जा म्हणायला सरांची जीभ रेटेना. त्यांनी ओळ लावली. हॅजला शिवम, वेटिंगला मृण्मयी. आणि सवयीनं हाक गेली, "अगं, ये गं, एक जण कमी हाय!"

पोरं खाली बघायला लागली. सर दाराकडं बघत राहिले.

"सर, काकूंची जागा मोकळी ठिवू का?" मृण्मयीनं हळूच विचारलं.

"न्हाई," म्हणत सर दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले. दोन्हीकडून इवले हात त्यांच्या हातात आले.

"काकूंच्या हाताचं पीठ लागायचं आमाला," शिवम म्हणाला. "लई घट्ट धरायच्या."

सरांना हे ठाऊकच नव्हतं. गावच्या साऱ्या पोरांनी तिचा हात धरला होता, आणि आपण इतकी वर्षं समोर खडू घेऊन उभे. त्यांना हुंदका आवरेना. पोरांनी मात्र हात सोडला नाही.