बाजरी आणि पीठ

नाशिकच्या कॉलेजात आम्हा शिक्षकांना प्रथिनांचा डेटाबेस वापरायला शिकवत होते. दुसऱ्या दिवशी मलाच ते वर्गात शिकवायचं होतं आणि कितीही शोधलं तरी माझ्याकडच्या क्रमाशी जुळणारं एकही प्रथिन निघत नव्हतं.

शेजारी सटाण्याच्या एक बाई होत्या. माउसला हात लावण्याआधी त्या दरवेळी पदर खोचायच्या, चुलीपुढे बसल्यासारख्या. माझ्या स्क्रीनकडे पाहून त्या हसल्या.

“ताई, ही तर बाजरी शे, पीठ नाही! प्रथिनाच्या चौकटीत डीएनए टाकलाय तुम्ही. आधी दळून आणा.”

डीएनएवरून प्रथिनाचा क्रम करून घेतला आणि पुन्हा शोधलं. पडदा जुळणाऱ्या प्रथिनांनी भरला. माझा जीव भांड्यात पडला.

नाव विचारेपर्यंत त्या एसटी गाठायला निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर आधी जातं काढलं.