माझ्या खासगी पत्त्यावर आलेलं पत्र

बत्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, तारीख आणि क्रमांक. आतून जाणाऱ्या कागदावरही तेच. एखादा साहेब घाईघाईत क्रमांक न घालताच पत्र घेऊन निघाला, तर मी त्याच्या मागे जिन्यापर्यंत जायचे. त्यामुळे आमच्या भागातला एक मंत्री सरकारी कामाचे ईमेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरून चालवतो आणि चौकशी लागल्यावर त्याने त्यातले बरेच उडवून टाकले, अशी बातमी आली तेव्हा मला राग आला. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. तो माझ्या पक्षाचा नव्हता.

माझ्या समोरच्या शेजारणीच्या पक्षाचा होता. मुलुंडच्या आमच्या चार मजली जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोनच दारं, एक माझं आणि एक तिचं. ती मालवणकडची. सासरे गिरणीत होते, नवरा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. मी एकटी, त्यामुळे सव्वीस वर्षं माझं दुपारचं जेवण निम्म्याहून अधिक वेळा तिच्याकडेच झालं आहे. तिच्या नवऱ्याला मी भावोजी म्हणते. भावोजींना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, तेव्हा इस्पितळात जागा मिळेना. तिने कुणाकुणाला फोन लावत त्या मंत्र्याला गाठलं आणि अर्ध्या तासात त्याचं पत्र इस्पितळात पोचलं. त्याच खासगी मेलवरून. भावोजी वाचले. आता तिने त्याची बाजू घेतली नसती तर मलाच आश्चर्य वाटलं असतं. पण हे आज म्हणते. तेव्हा मी तिला सोडलं नाही.

"अगं, कचेरीचा कागद कचेरीत नको का? उद्या तो गेला, की कागदही त्याच्याबरोबर गेले," मी म्हणाले.

"माका शिकवू नको," ती म्हणाली. रागावली की ती थेट मालवणीत उतरते. "माझा माणूस मरत होता तेव्हा मी पत्ता बघत बसू? काम झालं ना?"

"एक काम झालं म्हणून बाकीचं उडवायचं?"

"तू ना, माणसापेक्षा शिक्का बघतेस. बत्तीस वर्षं तेच केलंस."

हे मला फार लागलं. मीही मग म्हणून बसले, की उपकाराखाली दबलेल्या माणसाला खरं दिसत नाही. ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आमच्या मजल्यावर दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. बोलत नव्हतो, पण इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोरात भांडत होतो. ती तिच्या बाजूचा व्हिडिओ टाकायची, मी माझ्या बाजूचं कात्रण. तळमजल्यापासून वरपर्यंत सगळी इमारत दोन तटांत वाटली गेली होती. मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं. दोन घरांत मिळून एक वर्तमानपत्र यायचं, तेही बंद होऊन दोन वेगवेगळी यायला लागली. पेपरवाला तेवढा खूश होता.

या सगळ्यात भावोजी चौथ्या मजल्यावर अडकलेले होते. इमारतीला लिफ्ट नाही. तपासणीला न्यायचं तर दोन माणसं त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यायची. तिसऱ्या खेपेला, सगळी इमारत बघत असताना, भावोजी खुर्चीत रडले आणि म्हणाले, पुन्हा असं नेऊ नका. त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत. आठ महिने. गॅलरीत बसून रस्ता बघायचे. सोसायटीची सेक्रेटरी मी. बाहेरच्या अंगाने लिफ्ट बसवायचा प्रस्ताव मीच आर्किटेक्टकडून तयार करून घेतला आणि मीच पालिकेत दाखल केला. नंतर आर्किटेक्ट मुलीकडे परदेशी गेला. महिने उलटले तरी उत्तर नव्हतं. जिन्यात कुणी विचारलं की मी सांगायचे, पालिकेचं काम आहे, वेळ लागणारच.

एका दुपारी मला समोरचीला गप्प करायचं होतं. माझ्या पक्षातल्या एकाने त्या मंत्र्याच्या मेलांवरची टिपणं मला ईमेलने पाठवली होती, ती सापडेनात. साड्यांचे सेल, विम्याची स्मरणपत्रं, पुतण्याने पाठवलेले फोटो, सगळा ढिगारा होता. मी शोधायच्या जागी 'कार्यालय' असं टाकलं. टिपणं नाही आली. पालिकेच्या कार्यालयाचं पत्र आलं.

आमच्या लिफ्टचं. तळमजल्यावरच्या दोन सभासदांची संमतीपत्रं जोडलेली नाहीत, तीस दिवसांत पूर्तता करावी, अन्यथा प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येईल, म्हणजे कायमचा बासनात. मेल येऊन एक्केचाळीस दिवस झाले होते.

मी खुर्चीवर बसले ती उठलेच नाही. आठवलं सगळं. अर्जावर सोसायटीचा ईमेल पत्ता लिहायची जागा होती. सोसायटीला पत्ताच नव्हता. कोण नवा काढत बसणार, म्हणून मी माझा टाकला होता. नुसता या अर्जावर नाही, नऊ वर्षांत प्रत्येक कागदावर. सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार माझ्या साड्यांच्या सेलमध्ये मिसळून पडला होता, आणि मी त्या मंत्र्याच्या नावाने ग्रुपवर बोटं मोडत होते.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. माझं बोट त्या मेलवर होतं आणि खाली कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. पालिकेकडून काही आलंच नाही असं म्हटलं असतं, तर सगळ्या सोसायटीने विश्वास ठेवला असता. दोन्ही तटांनी. त्या एका गोष्टीवर आमच्या इमारतीचं एकमत आहे. मेल उडवायचा आणि नव्याने अर्ज करायचा, की झालं. भावोजी आणखी वर्षभर वर बसले असते, एवढंच. हे 'एवढंच' माझ्या मनात आलं आणि मला स्वतःची किळस आली.

मी फोन हातात धरून समोरचं दार वाजवलं. तिने उघडलं आणि माझ्याकडे बघून सगळा राग विसरली.

"काय झाला गो?"

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. आत भावोजी गॅलरीत पाठमोरे बसले होते.

"हा तुझ्या फोनवर कसा आला?" तिने विचारलं.

मी सांगितलं. पत्ता कुणाचा ते सांगितलं, किती दिवस पडून होता ते सांगितलं, आणि उडवणार होते तेही सांगितलं. तिने मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. माझे डोळे वाहायला लागले. मग ती एकदम ओरडली, "रडायला मी हवी, तू कशाला रडतेस? तळमजल्यावरची दोघं कोण? मला सांग फक्त."

त्या दोघांना लिफ्टमुळे खिडकीतला उजेड जाण्याची भीती होती. समोरची त्याच संध्याकाळी खाली गेली. त्यांच्याशी भांडली नाही, हे मला अजूनही खरं वाटत नाही. दोघांना वर घेऊन आली, भावोजींपाशी बसवलं, चहा दिला. भावोजी त्यांच्याशी अडखळत क्रिकेटवर बोलले. उतरताना दोघांनीही सह्या केल्या.

संमतीपत्रांसोबत द्यायच्या अर्जात उशिराचं कारण मी लिहिलं. जसं होतं तसं. मेल माझ्या खासगी पत्त्यावर आला, माझ्या दुर्लक्षामुळे वाचायचा राहिला, सबब विलंब माफ व्हावा. पालिकेतल्या कारकुनाने वाचलं आणि मान वर करून आमच्या दोघींकडे बघितलं.

"बाई, असं कारण कुणी लिहीत नाही. मेल मिळालाच नाही, असं लिहितात."

"मिळाला होता," मी म्हणाले.

त्याने शिक्का मारला, क्रमांक घातला आणि फाईल साहेबांपुढे ठेवतो म्हणाला. महिन्याभराने परवानगी आली. सोसायटीच्या नव्या पत्त्यावर आली, ज्याचा पासवर्ड आता सोसायटीतल्या आम्हा तिघींकडे असतो. त्या तिघींत समोरची एक आहे आणि ती रोज सकाळी मेल उघडून मला मोठ्याने वाचून दाखवते, अगदी वीजबिलाची सूचनासुद्धा.

परवानगीचं पत्र घेऊन जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर ती दम खायला थांबली.

"तुला मी माफ केलं ना?" ती म्हणाली. "मग त्याला तू का नाही करत? केलं काय त्याने वेगळं?"

तिने हे इतके दिवस मनात ठेवलं होतं. मीही विचार केलेला होता.

"मी तुझ्या दारात येऊन सांगितलं," मी म्हणाले. "त्यानेही येऊन सांगावं. मी करते माफ."

ती दोन पायऱ्या चढली. कठड्याला धरून उभी राहिली.

"सांगायला हवं होतं त्याने," ती म्हणाली. "पण मत मी त्यालाच देणार."

"दे ना, बाई."

लिफ्ट बांधून सुरू व्हायला पावसाळा गेला, दिवाळी गेली. ती सुरू झाली आणि महापालिकेची निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन मत देऊन आले. परतले तर समोरचं दार उघडं. भावोजी दाढी करून, पांढरा शर्ट घालून, चाकाच्या खुर्चीत बसलेले. समोरची त्यांचा भांग पाडत होती. मतदान केंद्र रस्त्यापलीकडच्या शाळेत होतं. त्यांनी माझ्या बोटावरची शाई बघितली आणि त्यांचं निम्मं तोंड हसलं. आम्ही दोघींनी खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली.

"वहिनी," एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "माझं मत... तुमच्या... विरुद्ध हां."

"ठाऊक आहे मला. पाय आत घ्या आधी," मी म्हणाले आणि तळमजल्याचं बटण दाबलं.