लॅपटॉपला वारं लागू नये म्हणून

सर्बियातल्या नीश शहरातल्या देसांकाबाईंच्या दिवंगत नवऱ्याचा जुना लॅपटॉप घरी पेंगायचा. प्रोसेसरचा वेग दुरुस्तीच्या दुकानात पुरेपूर दिसे, घरी आणला की निम्म्यावर. अखेर दुरुस्तीवाला गोरान घरीच आला. पाहतो तर खिडक्या घट्ट बंद आणि लॅपटॉप लोकरीच्या शालीत गुंडाळलेला!

“काकू, गुदमरतोय तो! तापला की आपणहून वेग कमी करतो.”

“गप रे मेल्या! वाऱ्याचा झोत धडधाकट माणसाचाही जीव घेतो, तिथे या यंत्राचं काय!”

गोराननं शाल काढली. आतला पंखा मोकळा झाला, पडद्यावरचा वेगाचा आकडा हळूहळू चढत गेला. देसांकाबाई ती इवलीशी घरघर स्वप्नात असल्यासारख्या ऐकत राहिल्या.

“शेवटी शेवटी आमचे हेही म्हणायचे, खिडकी उघड,” त्या पुटपुटल्या. “मी त्यांच्या अंगावर आणखी एक शाल घालायचे.”

मग त्या उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.