डॉक्टर अश्रफची झडप

डॉक्टर अश्रफ गमिल्दीनच्या अंगणात आणि माझ्या अंगणात एकच भिंत आहे, तीही कमरेइतकी. त्यामुळे या माणसाबद्दल मला जे माहीत आहे ते त्याने सांगितलेलं नाही. ते मला त्याच्या दोरीवरच्या कपड्यांनी, स्वयंपाकघरातल्या दिव्याने आणि रविवारी त्याच्या हातात असणाऱ्या पिशवीने सांगितलं आहे. स्वतःच्या तोंडाने त्याने वेळेवर एक गोष्ट सांगितली असती, तर आमच्या सबंध गल्लीच्या ईदचा विचका झाला नसता.

अश्रफ हृदयाचा डॉक्टर. पहिली कित्येक वर्षं तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांमागे होता. मनगटातून तार सरकवायची, तुंबलेल्या जागी फुगा फुगवायचा, स्टेंट बसवायचा आणि बाहेर यायचं. आमच्या सॉल्ट रिव्हर वस्तीत त्याचे बरेच स्टेंट हिंडत-फिरत आहेत. त्यातला एक माझ्या नवऱ्यात, गसांतमध्ये आहे. अश्रफचं संशोधनही त्यावरच होतं: स्टेंट बसल्यावर माणसं कशी राहतात. पुष्कळ अभ्यासानंतर त्याला कळलं की ती आधी राहायची तशीच राहतात. हे त्याने मला विचारलं असतं तर मी भिंतीवरूनच सांगितलं असतं.

"टीटी," तो मला म्हणायचा, कारण आमच्याकडे थोरलीला टीटी आणि थोरल्याला बूटा म्हणतात, "मी शुक्रवारी नळी उघडतो आणि तुम्ही रविवारी ती तळलेले गोड कूसिस्टर खाऊन बुजवता. आईने मला डॉक्टर केलं की गटारं उपसणारा, हेच कळेनासं झालंय."

"पाकातले खातोस की नारळ लावलेले?" मी विचारायची.

"नारळ लावलेले," तो म्हणायचा आणि दोन घेऊन जायचा.

शेवटी वैतागून त्याने नळ्या सोडल्या आणि झडपा धरल्या. झडपेचा आजार खाण्यापिण्याने होत नाही, तेवढंच त्याला समाधान. लहानपणी घसा सुजतो, घरात कोणी लक्ष देत नाही, आणि तो ताप पुढे हृदयाच्या झडपेवर बसतो. कोपऱ्यावरच्या मदरशात शिकवणाऱ्या रुगाया आँटीचं तसंच झालं होतं. ती मशिदीपर्यंतचा चढ तीनदा थांबून चढायची आणि प्रत्येक वेळी कुणाची तरी बाग बघत असल्यासारखं दाखवायची. छाती उघडून घ्यायला ती तयार होती, पण तिच्या फुफ्फुसांना ते झेपणार नव्हतं. बारीक छेदातून बसवायच्या झडपा बाजारात आहेत, पण त्या श्रीमंत देशांतल्या म्हाताऱ्यांसाठी. त्या म्हाताऱ्यांच्या जुन्या झडपेवर कॅल्शियमचा खडू जमलेला असतो, त्याला धरून नवी झडप बसते. आमच्या लोकांची झडप मऊ, तिच्यातून ती निसटते. म्हणून अश्रफ मऊ जागी पकड घेणारी झडप बनवत होता. दहा वर्षं बनवत होता. तोवर त्याचं लग्न राहिलं आणि केसही गेले.

"एकच परीक्षा उरलीय, आँटी," त्या हिवाळ्याच्या आरंभी तो रुगायाला म्हणाला. मी भिंतीपाशीच होते. "हिवाळा संपेपर्यंत सगळं ठीक राहिलं, की माणसांत बसवायची परवानगी मागणार. पहिलं नाव तुमचं."

"परीक्षा कुणाची?" मी विचारलं.

"झडपेची," तो म्हणाला आणि आत गेला. हे त्याचं सांगणं.

आता माझी बाजू ऐका. हा माणूस दर रविवारी गाजरांची पिशवी घेऊन शहराबाहेर फिलिप्पीला जायचा. फिलिप्पीला त्याचा मावसभाऊ मुनीब याचा मेंढ्यांचा वाडा आहे. पंचेचाळिशीचा एकटा पुरुष अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दर आठवड्याला वाड्यावर जातो, तर शेजारणीने काय समजायचं? फिलिप्पीला बाई आहे, असं मी समजले. गल्लीलाही तसंच समजावलं. गाजरांचं कोडं मात्र सुटेना. "आरोग्याचं बघत असेल," गसांत म्हणाला.

मग ईदच्या आदल्या आठवड्यात गसांत मेंढी ठरवायला फिलिप्पीला गेला आणि हसत परत आला.

"वाशिला, तुझी बाई पाहून आलो," तो म्हणाला. "चार पायांची आहे. वेगळ्या कुंपणात ठेवलीय, खाली कोरडं गवत. मुनीब म्हणाला, अश्रफची आहे, तोच हाताने भरवतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

आता आमच्याकडे ईदच्या तोंडावर कोणी मेंढी वेगळी काढून हाताने भरवत असेल, तर ती कशासाठी हे लहान पोरही सांगेल. मला अगदी भरून आलं. मशिदीत मागच्या रांगेत उभा राहणारा हा माणूस मनातून इतका भाविक निघावा.

"पण ईदच्या सकाळी त्याची इस्पितळात ड्युटी आहे," मी म्हटलं.

"मग आपण कशाला आहोत?" गसांत म्हणाला. त्याला स्टेंटची परतफेड करायची होती, आणि एरवी ती कूसिस्टर सोडून करावी लागली असती.

ईदच्या सकाळी मुनीब नमाजाला गेलेला. गसांतने फाटकावरच्या गड्याला सांगितलं, "डॉक्टरची मेंढी दे, कुर्बानी आज आहे." गड्याने दिली. मेंढीही आपणहून गाडीत चढली, माणसांची सवयच होती तिला. आमच्या मागच्या अंगणात रीतसर डॉक्टरच्या नावाने कुर्बानी झाली. कातडं काढताना कसायाला बरगड्यांमध्ये जुना व्रण दिसला. "तारेत अडकली असेल कधी," तो म्हणाला. चांगला भरलेला व्रण होता, कोणी मनावर घेतलं नाही. पुड्या बांधल्या, गल्लीभर वाटल्या, आणि प्रत्येक दारात मी स्वतः सांगितलं: डॉक्टर अश्रफकडून.

दुपारी तो ड्युटीवरून आला. गाडीतून उतरतो न उतरतो तोच समोरचे बूटा इब्राहीम त्याला मिठी मारून म्हणाले, "कबूल होवो, डॉक्टर. लोण्यासारखं मांस."

"ईद मुबारक," अश्रफ म्हणाला. "कसलं मांस?"

"विनय तरी किती," बूटा इब्राहीम मला म्हणाले.

मग गसांतने छाती काढून सगळं सांगितलं. फिलिप्पी, कुंपण, गाजरं. अश्रफ ऐकत होता. मग तो आमच्या पायरीवर बसला.

"बूटा गसांत," तो अगदी हळू म्हणाला, "तिच्या हृदयात माझी झडप होती."

गसांत त्याच्या शेजारी पायरीवर बसला.

"मेंढीच्या शरीरात झडपेवर खडू फार लवकर जमतो. माणसात जे वर्षांनी कळतं ते तिच्यात महिन्यांत कळतं. ही शेवटची होती. बाकी सगळ्या पास झाल्या. हिला फक्त हिवाळाभर जगायचं होतं. तेवढंच काम होतं तिला. खायचं आणि जगायचं."

"मग सांगायचंस की," मी म्हणाले.

"तुम्हाला?" तो म्हणाला. "टीटी, तुम्हाला सांगितलं असतं तर रविवारी वाड्यावर रांग लागली असती."

हे मी आज लिहून ठेवते: मला सांगितलं असतं तर मेंढी जिवंत असती. रांग लागली असती, पण मेंढी जिवंत असती.

तो उठला. "हृदय कुणाकडे गेलं?"

इथे पंचाईत झाली. पुड्या बांधल्या मी, वाटायला बरोबर माझ्या दोन जावा, आणि कलेजी, हृदय, गुर्दे कुणाच्या वाट्याला गेले हे कुणालाच आठवेना. अश्रफ दारोदार निघाला आणि मी त्याच्या मागे. मेंढीची औषधं केव्हाच थांबली होती, मांसाने कुणाला काही होणार नव्हतं. पण नियमाप्रमाणे ते खायचं नसतं, म्हणून सगळ्यांनी परत द्यायचं, असं तो प्रत्येक दारात सांगत होता. लोकांनी परत दिलं. कुणाचं दिलं ते अल्लाला ठाऊक. एका घराने तर कोंबडी दिली.

आणि पातेल्यांची झाकणं उघडता उघडता त्याला हृदय सापडलं नाही, पण आपले पेशंट सापडले. बूटा इब्राहीमच्या पातेल्यात शेपटीची चरबी तरंगत होती.

"तुम्हाला दोन स्टेंट आहेत," अश्रफ म्हणाला.

"ईद आहे, डॉक्टर."

"मला तुम्ही सांगितलं होतं की तुम्ही उकडलेला मासा खाता."

"खातो की. हे झाल्यावर."

पुढच्या दारात आतडी आणि पाय शिजत होते, त्यापुढे तळलेली कलेजी. ज्यांच्या नळ्या त्याने उघडल्या ते सगळे त्या दिवशी झाकण हातात धरून त्याच्यासमोर उभे होते. तो नुसता बघायचा आणि झाकण परत ठेवायचा. दहाव्या पातेल्यापाशी तर त्याने बघायचंही सोडलं, चमचाच मागितला, हृदय तळाशी आहे का ते बघायला.

शेवटचं दार रुगाया आँटीचं. ती खुर्चीत बसली होती, समोर काचेचं भांडं.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "तुझी मेंढी कुंपणाची तार खायची का रे? मी हृदय धुवायला चिरलं आणि सुरी कशावर तरी अडली. म्हणून तसंच मिठाच्या पाण्यात ठेवलंय."

अश्रफने भांडं उचलून खिडकीपाशी नेलं. दोन बोटांनी त्याने ती झडप बाहेर काढली. अंगठीएवढी जाळी, तिच्यात तीन पातळ पाकळ्या. त्याने फुंकर घातली. पाकळ्या उघडल्या, मिटल्या. पुन्हा फुंकर घातली. खडूचा कणही नव्हता. तो फुंकर घालतच राहिला, शेवटी मला खोकावं लागलं.

"चांगली आहे?" रुगायाने विचारलं.

"नवी असल्यासारखी आहे," तो म्हणाला. "पण चालणार नाही. मेंढी मुदतीआधी मेली. कशी मेली ते सांगितलं तर परवानगी देणारी समिती दुसरी मेंढी मागेल. पुन्हा पहिल्यापासून."

रुगाया आँटी झडपेकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला. "मग हीच धुऊन बसव मला. आणखी एक हिवाळा माझ्याकडे आहे की नाही, कुणाला ठाऊक."

"आँटी, वापरलेली झडप माणसात बसवत नाहीत."

"माझी गाडी वापरलेली आहे, शिलाई मशीन वापरलेली आहे, पहिला नवरासुद्धा वापरलेलाच होता. तिघेही उत्तम चालले."

अश्रफ खाली बसला. हसला असता तर बरं झालं असतं, पण त्याने फक्त तिचा हात हातात घेतला आणि नाडी मोजत बसला.

समितीने दुसरी मेंढी मागितलीच. ती आता फिलिप्पीत आहे, आणि यंदा साऱ्या गल्लीला माहीत आहे, कारण ते काम अश्रफने स्वतः माझ्यावर सोपवलं. तिला कोणी हात लावत नाही. उलट दर रविवारी बसभर माणसं तिला भेटायला जातात, रुगाया आँटी पुढच्या बाकावर. मेंढीपाशी उभी राहून तिला रागावते, नीट श्वास घे म्हणते आणि स्वतः धापा टाकते.

परवा अश्रफ भिंतीपाशी आला तो दात-ओठ खात.

"टीटी, तिला कूसिस्टर कोण भरवतं?"

"सगळेच," मी म्हटलं. "तिला काही होऊ नये म्हणून."

"तिच्या झडपेची परीक्षा आहे, टीटी. असंच चाललं तर झडपेचा निकाल लागण्याआधी तिला स्टेंट बसवावा लागेल."

मी गसांतला हाक मारली आणि सांगितलं, उद्यापासून मेंढीला पाकातले बंद. अश्रफ बघतच राहिला. "आणि नारळ लावलेले?" त्याने विचारलं. मी म्हटलं, ते आम्ही तुझ्यासाठी ठेवतो, पण तू आधी जाऊन आँटीची नाडी बघून ये.