खुंटीवरचं जॅकेट

लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत तिनं तेहतीस वर्षं काढली. शेवटची अकरा वर्षं सगळ्या शाखांच्या सुरक्षेचं खातं तिच्या हाताखाली होतं. लोक म्हणायचे, बाई धीराची. तिच्या आईला हे ऐकून हसू यायचं. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, आणि लेकीचा धीर किती ते तिला चांगलं ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात लेक रोज सकाळी ओकून मग कामावर जायची.

भीतीला कारण होतं. कंपनीनं दहा पदवीधर प्रशिक्षणाला घेतले होते. दोन वर्षं, चार खाती: आराखडे, कारखाना, विक्री आणि देखभाल. शेवटी पाच ठेवणार, पाच घरी. प्रत्येकाला एक वही दिली होती. दिवसभराचं काम संध्याकाळी त्यात लिहायचं आणि ज्याच्या हाताखाली ते केलं त्याची दुसऱ्या दिवशी सकाळी सही घ्यायची. बाकीचे नऊजण वहीत शोभेल तेवढंच लिहीत. तिला ते जमायचं नाही. बोल्ट तिसऱ्या खेपेला बसला तर ती ‘तिसऱ्या खेपेला’ असंच लिहायची. यात चांगुलपणा काही नव्हता. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं, ही धास्ती.

देखभाल खातं शेवटचं. तिथं तिला थोरल्या मिस्त्रींच्या हाताखाली दिलं. मिस्त्रींच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हात कामाचे, तोंड तिखट. तिच्या काखेतली वही पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव पाडलं.

“वहीबाई, या शाफ्टमध्ये, लिफ्टच्या विहिरीत, डोकावून बघ. काय दिसतं?”

“काही नाही, काका. अंधार.”

“भीती वाटते?”

“वाटते.”

“बरं झालं. न घाबरणारा एक होता माझ्याकडे. आता त्याचा फोटो आहे ऑफिसात.”

मग त्यांनी तिला कुलूप दिलं. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये लिफ्टचा मेन स्विच असतो. तो खाली ओढायचा आणि त्याच्या कडीत कुलूप घालायचं, म्हणजे कुणी चुकून चालू करणार नाही. लिफ्टवर जितकी माणसं कामाला, तितकी कुलपं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. आणि शेवटचं कुलूप निघालं तरी स्विच वर करण्याआधी प्रत्येक माणूस डोळ्यांनी पाहायचा. हे तिनं वहीत लिहिलं, पाठही केलं. पाठ केलेलं हातात उतरायला वेळ लागतो, हे तिला अजून कळायचं होतं.

विसाव्या महिन्यातली गोष्ट. इमारत नऊ मजली, सगळी ऑफिसं. मिस्त्री सकाळी जॅकेट मशीन रूमच्या खुंटीला अडकवून खाली गेले. त्यांना शाफ्टच्या तळाचा खड्डा साफ करायचा होता. कुणी आत पडू नये म्हणून त्यांनी तळमजल्याचा दरवाजा आतून ओढून घेतला. लिफ्ट सहाव्या मजल्यावर उभी. वर तिच्याकडे मोटरच्या ब्रेकचं काम होतं: फट मोजायची, जास्त असली तर आवळायची, पुन्हा मोजायची. ती चार वेळा आवळून पाचव्यांदा मोजत होती, तेवढ्यात इमारतीचा व्यवस्थापक धापा टाकत वर आला.

“ताई, अहो किती वेळ? खाली मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन उभे आहेत. नऊ मजले चढवू का त्यांना?”

“झालंच. काका खड्ड्यात आहेत, ते वर आले की—”

“ते कधीच बाहेर आले. चहा पिताना पाहिलं मी त्यांना. तुमच्या ऑफिसला फोन लावू का? नाव सांगा तुमचं.”

नाव म्हटल्यावर तिला वही आठवली. वहीची चारच महिन्यांची पानं उरली होती. त्यात तक्रार गेली तर सहावा नंबर नक्की. तिनं किल्ली काढली, आपलं कुलूप उघडलं, खिशात टाकलं. कडी रिकामी दिसली. मिस्त्रींचं कुलूप नाही, म्हणजे ते काढून गेले, म्हणजे चहाला गेले. तिनं स्विचच्या दांड्याला हात घातला.

आणि नजर खुंटीवर गेली. जॅकेट तिथंच होतं.

त्या जॅकेटच्या खिशात मिस्त्रींचा चष्मा असायचा आणि रक्तदाबाच्या गोळ्या. त्याशिवाय ते चहालाही बाहेर पडत नसत.

तिचा हात दांड्यावरच गोठला. सोडावा तर आपल्याच हातानं तो वर जाईल असं वाटायला लागलं. व्यवस्थापक म्हणत होता, “अहो करा ना.” त्याचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. तिनं डाव्या हातानं कुलूप परत कडीत घातलं. दोनदा भोक चुकलं. मग ती जिना उतरली. एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या.

तळमजल्याचा दरवाजा तिनं किल्लीनं सरकवला. मिस्त्री खड्ड्यात उभे होते, हातात चिंधी. लिफ्ट खाली आली असती तर तिथं उभ्या माणसाला जागा उरली नसती.

“झालं तुझं?” त्यांनी विचारलं.

“काका, तुमचं कुलूप कुठंय?”

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पँटचा खिसा चाचपला. कुलूप खिशात होतं. सकाळी लावायचंच राहिलं होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, का तेवढं सापडलं पहिल्यांदा, कोण जाणे. ते काठावर बसले. व्यवस्थापकानं पाहिलेला चहा दहा वाजताचा, काम सुरू होण्याआधीचा होता.

संध्याकाळी बस थांब्यावर मिस्त्री म्हणाले, “आज काय लिहिणार?”

तिनं वही काखेत सरकवली.

“माझ्या फाइलीत एक ताकीद आधीच आहे. तुला म्हणून सांगतो.” बस दिसली तसे ते उठले. “लिहायचं ते लिही. पण उद्या सही मीच करणार, तेही लक्षात ठेव.”

ही धमकी होती की नुसतं बोलणं, हे तिला कळलं नाही. घरी तिनं वही उघडली. आई समोर बसून बोटांना मलम चोळत होती. तिला सगळं सांगितलं.

“नाही लिहिलं तर कुणाला कळेल?” आईनं विचारलं.

“कुणालाच नाही.”

“आणि लिहिलं तर?”

“काकांची नोकरी जाईल. नाहीतर माझी. कदाचित दोघांचीही.”

“मग इतकी का घाबरतेस? झोप जा. उपाशी नाही मरत आपण. इस्त्री आहे माझी.” थोड्या वेळानं म्हणाली, “तो माणूस उद्या परत त्या खड्ड्यात उतरणार?”

“रोजच उतरतात.”

आईनं मलमाच्या डबीचं झाकण लावलं.

तिनं लिहिलं. आपली चूक आधी: खड्ड्यातला माणूस डोळ्यांनी न पाहता कुलूप काढलं. मग खुंटीवरच्या जॅकेटामुळे हात थांबला ते, आणि मग मिस्त्रींची चूक. सकाळी तिनं वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं.

“एक ओळ राहिली,” ते म्हणाले. “खड्ड्यातलं लिफ्ट थांबवायचं बटण बंद पडलंय. ते चालू असतं तर आत उतरल्या उतरल्या मी दाबलं असतं. महिना झाला सांगतोय, कुणी ढुंकून बघत नाही. तेही घाल. तारखेसकट.”

तिनं ते घातलं. त्यांनी सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची.

आता वहीत कंपनीचीही चूक आली होती, आणि त्यामुळे तिची भीती दुप्पट झाली. प्रशिक्षण अधिकारी बाईंनी पान वाचून खोलीचं दार लावलं.

“तुमच्या भल्यासाठी सांगते. या वह्यांची शिवण सैल असते. एखादं पान निघून जातं.”

“पानांवर आकडे घातलेत, बाई.”

“कुणी सांगितलं घालायला?”

“कुणी नाही. हरवलं तर कळावं म्हणून.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

दहा दिवसांनी तिला तिघांसमोर बसवलं. देखभाल खात्याचे प्रमुख साहेब मधे. टेबलावर वही उघडी.

“अपघात झाला नाही. पाहिलं कुणी नाही. मग का लिहिलंत?” साहेबांनी विचारलं.

तयार केलेलं उत्तर आठवेना. “घाबरले, साहेब.”

“कशाला? आम्हाला?”

“तुम्हालाही. पण त्या दिवशी जॅकेट खुंटीवर होतं म्हणून माझा हात थांबला. उकाड्याच्या दिवसांत ते जॅकेट आणत नाहीत. तेव्हा हात कशानं थांबायचा?”

साहेबांनी वहीचं ते पान पुन्हा वाचलं.

मिस्त्रींना पंधरा दिवस घरी बसवलं. नोकरी राहिली. सगळ्या इमारतींतली खड्ड्यातली बटणं तपासायचा हुकूम निघाला. तपासायला तिलाच धाडलं, प्रशिक्षणातलीच म्हणून. ती दोनशे सहा खड्ड्यांत उतरली आणि प्रत्येक वेळी तिचे गुडघे कापले. अकरा बटणं बंद निघाली. ती यादी तिनं आकडे घालून दिली. दहातल्या पाचांत ती राहिली, पाचवी. पुढची सगळी वर्षं त्या यादीतूनच निघाली. काम बदलत गेलं, खुर्ची मोठी झाली, ओकणं थांबलं. गुडघ्यांचं तेवढं कधी थांबलं नाही.

हे सगळं पुढचं. मिस्त्री सोळाव्या दिवशी कामावर आले. ती मशीन रूममध्ये आधीच उभी होती. त्यांनी जॅकेट खुंटीला अडकवलं, स्विच खाली ओढला, कडीत आपलं कुलूप घातलं, हिसका देऊन पाहिलं.

“तुझं?”

तिनं आपलं लावलं.

ते दारापर्यंत गेले आणि परत आले. खुंटीवरचं जॅकेट काढलं, अंगात घातलं, वरपर्यंत बटणं लावली. “खुंटीच्या भरवशावर राहू नकोस,” ते म्हणाले. दिवस उकाड्याचे सुरू झाले होते. तसेच ते खड्ड्याकडे जिना उतरू लागले.

तिनं रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. मग कुलपं मोजली. दोन. पुन्हा मोजली.