ज्याच्या ताटात पाव नाही

मिलर्स बेंडच्या प्राथमिक शाळेत व्हर्लीन टिस्डेल यांनी एकतीस वर्षं मुलांना जेवू घातलं. गावात त्यांना सगळे 'मिस व्हर्लीन' म्हणत. नवरा होता तेव्हाही आणि तो गेल्यावरही. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामात, वयस्क बाईला अशीच हाक मारतात.

शाळेच्या जेवणघरात एक जुना दंडक होता. एखाद्या टेबलावरून कुणी पाव फेकून मारला की त्या टेबलावरच्या बाराही मुलांनी आठवडाभर न बोलता जेवायचं आणि गोड पदार्थ बंद. शिक्षकांना ते सोयीचं होतं. व्हर्लीनबाईंना ते कधीच पटलं नाही. पाव भिंतीवर आपटला की त्या हात पुसत बाहेर यायच्या, टेबलाभोवती एक फेरी मारायच्या आणि ज्याच्या ताटात पाव नाही त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या. "बाळा, तू ऊठ. फडकं घे," एवढंच म्हणायच्या. भिंत पुसून झाली की त्या मुलालाही पीचचा गोड पदार्थ मिळायचा, सगळ्यात शेवटी. एकदा मुख्याध्यापकांनी विचारलं, की एखाद्याने पाव खाऊन टाकला असेल तर? त्या म्हणाल्या, "खाल्लेल्याच्या ताटात चुरा असतो, साहेब."

निवृत्त झाल्यावर त्यांचं जग दोन ठिकाणी मावलं होतं, चर्च आणि कॉलेजचा फुटबॉल. घर कॉलेजच्या मैदानासमोरच्या रस्त्यावर. सामन्याच्या शनिवारी सकाळी खेळाडू वसतिगृहातून दोन-दोनच्या रांगेत चालत मैदानात जायचे, ते त्यांच्या ओसरीवरून दिसायचे. एल्बर्टने, त्यांच्या नवऱ्याने, मैदानात दोन जागा वर्षानुवर्षं राखून ठेवल्या होत्या. तो गेल्यावरही बाईंनी दोन्ही सोडल्या नाहीत. एका जागेवर त्या बसत, दुसरीवर त्यांची पर्स आणि एल्बर्टची टोपी. मागच्या रांगेतले लोक गमतीने विचारत, "आज एल्बर्टचं काय मत आहे?" बाई टोपीकडे बघून म्हणत, "तो म्हणतो, पंच आंधळा आहे."

रविवारी चर्चनंतर त्यांच्या टेबलावर कुणी ना कुणी असायचंच. तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव. कॉलेजच्या संघाचे रेनफ्रो कोचही यायचे. गोड बोलणारा माणूस, दुसऱ्यांदा वाढून घेताना लाजायचा नाही. अशाच एका रविवारी त्यांनी सांगितलं, की मोबील शहरात लव्हॉन बॅस्किन नावाचा एक शाळकरी मुलगा आहे, असा धावतो की वाराच. पण त्याच्या आईला कॉलेज पाहायला यायचं तर उतरायला जागा नाही, पदरात दोन लहान मुली. मग कोचनी मागच्या खोलीकडे नजर टाकली आणि ती रिकामीच असते ना, असं विचारलं.

नियम बाईंना ठाऊक होता, निदान अर्धा. शाळेतल्या खेळाडूला कॉलेजकडे ओढायचं तर कॉलेजने किंवा त्याच्या पाठीराख्यांनी त्याच्या घरच्यांना काही द्यायचं नसतं. खोली नाही, प्रवास नाही, जेवण नाही. पण दारात आलेल्या बाईला आणि दोन पोरींना उपाशी ठेवायचं, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं नव्हतं. त्या हिवाळ्याआधी लव्हॉनची आई शरिटा बॅस्किन सात वेळा येऊन राहिली. बसचं तिकीटही बाईंनीच काढलं. लव्हॉनने याच कॉलेजकडून खेळायच्या करारावर सही केली. पुढच्या वर्षी रेनफ्रो कोच दुसऱ्या राज्यातल्या एका बड्या विद्यापीठात गेले. निरोपालाही आले नाहीत.

आणि मग कुणीतरी तक्रार केली.

चौकशीला दोन माणसं आली. ओसरीवर बसली, चहा घेतला. ही व्यवस्था कुणी करायला सांगितली, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. बाईंनी तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं: घर माझं, खोली माझी, मनात आलं आणि केलं. कोचनी तिकडून कळवलं, की आपल्याला काही आठवत नाही.

निकाल ऑगस्टमध्ये आला. भोळी म्हातारी समजून बाईंना एक वर्ष मैदानात यायची बंदी. लव्हॉनने तीन सामने बाहेर बसायचं. आणि कॉलेजमधलं कोण सामील होतं ते कळत नसल्यामुळे शिक्षा सगळ्या संघाला: दोन वर्षं नाताळाच्या सुमारास होणारा मानाचा सामना खेळायचा नाही, मोसम कितीही चांगला जावो.

मोसम नेमका चांगला जाऊ लागला. सप्टेंबर संपेपर्यंत संघ एकही सामना हरला नव्हता. लव्हॉनचे तीन सामनेही बाहेर बसून झाले. बाई ओसरीवर बसून मैदानातला गलका ऐकायच्या. एल्बर्टची टोपी शेजारच्या खुर्चीवर.

एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ब्रँट ओगल्सबी त्यांच्यासाठी थांबला. याच गावचा, त्यांच्याच जेवणघरात वाढलेला; आता दाराएवढा रुंद, कॉलेजच्या संघात, आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला. त्याने हातातली टोपी फिरवत आईची तब्येत सांगितली, हवेबद्दल बोलला. बाई वाट बघत राहिल्या. असल्या मुलांना घाई केली तर ती गप्प होतात.

"मिस व्हर्लीन, तिसरीत असताना एड्डीने पाव फेकला होता, आठवतं?"

"भिंतीवरचा लोण्याचा डाग अजून आहे."

"आमच्या टेबलावर तुम्ही प्रत्येकाचं ताट पाहिलं होतं." तो खाली बघून म्हणाला, "आम्ही चौदा जण शेवटच्या वर्षाला आहोत. तुमच्याकडे ती बाई राहायची हेसुद्धा आम्हाला पेपरात वाचून कळलं. मी तक्रार करत नाही. पण आम्हा सगळ्यांच्या ताटात पाव आहे, मिस व्हर्लीन."

एवढं बोलून तो लाजला, माफी मागून निघून गेला.

त्या दिवशी बाईंनी जेवायला कुणाला थांबवलं नाही. दुपारभर स्वयंपाकघरात बसून राहिल्या. आपल्या टेबलावर जेवलेल्या माणसाची चुगली करायची नाही, ही रीत त्यांनी जन्मभर पाळली होती, आणि तिचा त्यांना अभिमानही होता. आता त्यांना दिसलं, की भिंतीला डाग पडलाय, फेकणारा उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलाय, आणि आपण हात पुसत मध्ये उभ्या राहून म्हणतोय, कुणी फेकला कोण जाणे.

त्यांनी पाककृतींचा पत्र्याचा डबा उघडला. लिंबाच्या केकची कृती ज्या कार्डामागे लिहिली होती, ते कार्ड रेनफ्रो कोचनी धुतलेलं भांडं परत करताना त्यात ठेवलं होतं. त्यांच्याच अक्षरात: मागची खोली आणखी चार शनिवार-रविवार लागेल, मुलगा जवळजवळ आपलाच झाला आहे.

सोमवारी सकाळी त्या कॉलेजच्या नियम-अधिकारी हॉली क्रेनशॉ यांच्या टेबलासमोर जाऊन बसल्या. मुलगी तिशीची, कागदांच्या गठ्ठ्यांमागे अर्धी दिसेनाशी झालेली. तिने कार्ड दोनदा वाचलं, केकची बाजूही वाचली.

"मिस व्हर्लीन, हे दाखवलंत तर तुम्ही चौकशीत खोटं बोललात हेही सिद्ध होतं. एका वर्षाची बंदी पाच वर्षांची होईल."

"मी एकाहत्तर वर्षांची आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "राखून ठेवलेल्या जागा?"

"त्याही जातील. दोन्ही."

बाईंनी पर्सचा खटका उघडला, मिटला. "लिही," त्या म्हणाल्या.

फेरसुनावणी बर्मिंगहॅममधल्या एका हॉटेलच्या सभागृहात झाली. हॉलीनेच त्यांना गाडीतून नेलं. समितीचे पाच जण लांब टेबलापलीकडे बसले होते. अध्यक्ष पांढऱ्या भुवयांचे निवृत्त वकील. बाईंनी सगळं सांगितलं, स्वतःचं अर्धं ज्ञान आणि पुरं खोटं यांसकट. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, की हे आधी का नाही सांगितलं.

"माझ्या टेबलावर जेवलेल्या माणसाचं नाव मी घेत नाही, साहेब. आमच्याकडे तसं करत नाहीत."

"मग आज का घेताय?"

"तो जेवून गेला. भांडी पोरं घासताहेत."

बाई पुढे म्हणाल्या, की शिक्षा करू नका असं मागायला मी आलेली नाही. शिक्षा हवीच. शिक्षाच नसेल तर प्रामाणिकपणे खेळणारी कॉलेजं वेडी ठरतील. फक्त ताटं बघून करा.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. कोचवर दोन वर्षं बंदी: ते कुठल्याही कॉलेजात असोत, नवे खेळाडू आणायच्या कामाला हात लावायचा नाही, शिक्षा त्यांच्या मागून त्या बड्या विद्यापीठापर्यंत गेली. इथल्या कॉलेजने डोळे मिटून घेतले म्हणून पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या दोन जागा कमी. संघावरची बंदी उठली. आणि मिस व्हर्लीन टिस्डेल: पाच वर्षं. मैदानात प्रवेश नाही, खेळाडूंना जेवण, भेटवस्तू, मदत नाही. त्यांच्याशी स्वतःहून संपर्क नाही.

बाईंनी पत्र डब्यात ठेवलं आणि त्यातलं अक्षर न् अक्षर पाळलं. रविवारी खेळाडू चर्चमध्ये येत म्हणून त्या डावीकडच्या शेवटच्या बाकावर बसू लागल्या आणि प्रार्थना संपली की बाजूच्या दाराने निघून जाऊ लागल्या. शेजारीण चिडवायची, की पाद्री काय दारात पहारा देतोय का, एक पाव दिलास तर कोण बघणार आहे. बाई म्हणायच्या, "थोडी थोडी मोडली तर ती शिक्षा कसली? मग ती पुन्हा त्या पोरांनाच लागेल."

एकच शंका त्यांना होती. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी त्यांनी हॉलीला फोन करून विचारलं, की शनिवारी सकाळी मुलं घरासमोरून जातात, तेव्हा मी हात हलवला तर चालेल का.

हॉली हसली नाही. बघून सांगते, म्हणाली. तिने खरंच नियमांचं पुस्तक उघडलं, वरच्या कचेरीला विचारलं आणि दोन दिवसांनी लेखी उत्तर पाठवलं: हात हलवणं हा लाभ धरला जात नाही. मात्र सुरुवात तुम्ही करायची नाही. त्यांनी आधी हलवला, तर उत्तर द्यायला हरकत नाही.

त्या शनिवारी बाई ओसरीवर बसल्या, शेजारी टोपी, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले. खेळाडूंची रांग वळणावरून आली. पुढे ब्रँट होता. उत्तराबद्दल हॉलीने मुलांना काही सांगितलं होतं की नाही, हे बाईंना कधीच कळलं नाही. फाटकासमोर येताच ब्रँटने हात वर केला. त्याच्यामागे लव्हॉनने. मग सगळ्या रांगेने.

बाईंनी आधी नीट पाहून घेतलं, की त्यांचा हात खरंच आधी वर गेला आहे. मग आपला उचलला.