भास्करकाकांची मांडवीपर्यंतची फेरी

आमचे शेजारी भास्करकाका मोजणी कार्यालयातून निवृत्त झालेले. नऊ वर्षांच्या नातीला, अवनीला, तपासून डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही, पण वजन आत्ताच आवरा. रोज तासभर धावू-खेळू दे." काकांनी ती कामगिरी अंगावर घेतली. रोज संध्याकाळी आजोबा-नात मांडवीच्या जेट्टीकडे चालत निघू लागली.

महिन्याने वजन दीड किलोने वाढलं.

काकांची सून सुनेत्रा चक्रावली. मला कारण ठाऊक होतं, कारण एकदा मीही सोबत गेले होते. वाटेत ओळखीची सात घरं. काका प्रत्येक दारात "काय, बरं ना?" म्हणायला थांबणार, आणि दारात आलेल्याला तसंच पाठवायची आमच्याकडे रीत नाही. पहिल्या घरी खांडवी, दुसऱ्या घरी तळलेले गरे, गंगुबाईंकडे घावने आणि वर नारळाचा रस. त्या दिवशी जेट्टी दिसलीच नाही. पोट जड झालं म्हणून आम्ही रिक्षाने परतलो.

सुनेत्रा शांतपणे म्हणाली, "बाबा, या महिन्यातही वाढलं, तर संध्याकाळी स्केटिंगच्या क्लासला घालते तिला."

म्हणजे काकांची अवनीबरोबरची फेरी बंद. काकू गेल्यापासून ते मनातलं बोलत, ते त्याच तासाभरात.

उपाय अवनीने काढला. "आजोबा, आपण रमतगमत जातो म्हणून हाका मारतात. पळणाऱ्याला कोण बोलावतं?"

"या वयात मी पळू?"

"तुम्ही भरभर चाला. मी पुढे पळते, नि परत येते तुम्हाला न्यायला."

म्हणजे तिची फेरी दुप्पट. दारं मागे पडू लागली.

"भाऊ, रागावलात का आमच्यावर?" गंगुबाईंनी पायरीवरून विचारलं.

"नाही हो, सुनेला घाबरलोय," काका न थांबता म्हणाले.

चौथ्या दिवशी साठी उलटलेल्या गंगुबाई लाडवांचा डबा घेऊन मागे लागल्या. जेट्टीवर धापा टाकत पोचल्या, कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता हे मलाच लागतायत." दोन खाल्ले.

महिनाअखेर अवनीचं वजन होतं तेवढंच राहिलं, उंची मात्र वाढली. डॉक्टर म्हणाले, "जे करताय ते सोडू नका."

"मी तर स्केटिंगच्या क्लासात हिचं नाव घालून बसलेय," सुनेत्रा म्हणाली.

काका चपला अडकवत म्हणाले, "मग गंगुबाईंना पाठव."